फुकटचं पंचांग, विकतचं पंचांग

येलवाल, मैसूरु

प्रिय शरतअण्णा,

फोन तू उचलत नाहीस आणि मेसेजला नुसता अंगठा पाठवतोस, म्हणून कागद घेऊन बसले. माझं मराठी अक्षर आता कन्नडसारखं गोल झालंय, सांभाळून वाच. आणि आधीच सांगते, तुझी धाकटी बहीण चिडलेली आहे.

पावसाळाभर तू मला पंचांगांच्या मागे लावलंस. म्हणालास, पाऊस सरला की मलपेहून होडी काढू, पण यंदा फोनवरच्या फुकट सागरी पंचांगावर विसंबायचं नाही, विकतचं घ्यायचं. घेतलं. भरती-ओहोटी, दीपस्तंभ, पाण्याची खोली, कुठल्या धक्क्याला उतरता येतं, सगळं त्यात. मग तुझं म्हणणं, लहान बंदरांची माहिती तोकडी आहे, दुसरं बघ. तेही बघितलं. युरोपातल्या कुठल्या बंदरात आंघोळीला गरम पाणी मिळतं ते त्याला ठाऊक आहे, आपल्या कुंदापूरच्या पुढे मात्र ते मुकंच होतं. मेटगळ्ळीच्या कारखान्यात मी दिवसभर सुट्या भागांची मापं तपासते आणि घरी येऊन तुझ्यासाठी पुन्हा तेच. सगळं जुळवून पाठवलं की तू एक खोट काढतोस आणि तारीख पुढे ढकलतोस. साकु, पुरे झालं आता.

हाच तू, ज्याला विकतच्या पंचांगाचं नाव काढलं की हसू यायचं. चंद्र काय पैसे घेऊन भरती आणतो का, असं मला विचारायचास. मीही मग तुझंच खरं धरायची, कारण तुझ्याबरोबर होडीत बसलं की खरंच काही अडायचं नाही. शीड भरलं की आपले अप्पा टोपी काढून मांडीवर ठेवायचे आणि दर वेळी तेच बोलायचे, की आपले पूर्वज मैसूरच्या घोडदळात, आणि त्यांची नातवंडं बघा, पाण्यात. रेल्वे वर्कशॉपात जन्म काढलेल्या माणसाला साठीनंतर समुद्र तू दाखवलास, अण्णा. हे मी विसरलेले नाही.

जानेवारीतल्या त्या सकाळबद्दल आपण दोघं कधीच बोललो नाही. आज मी लिहिते. फुकटच्या पंचांगात त्या खाडीतल्या बंदराबद्दल एकच ओळ होती, की धक्क्याला लोखंडी शिडी आहे आणि ओहोटीतही चढता येतं. आपण पोचलो तेव्हा पाणी पार खाली गेलेलं. तू आधी होडीच्या टोकावरून धक्क्याची कड पकडून वर चढलास, धक्क्यावर ओणवा होऊन अप्पांचा हात धरलास, आणि शिडीच्या खालच्या पायऱ्याच नव्हत्या. त्यांचा पाय हवेत गेला. पुढचं तुला सांगायला नको. खुब्याचं हाड, ऑपरेशन, वॉकर, आता काठी. तू दवाखान्यात दिवसरात्र बसलास आणि अप्पा घरी आल्यापासून मंगळूरहून येलवालला एकदाही आला नाहीस. नंतर पंचांगं सुरू झाली तेव्हा मला वेडीला वाटलं, चला, अण्णा सावरला.

तुझं डोकं कुठे अडकलंय ते मला उशिरा कळलं. चार पैसे टाकून विकतचं घेतलं असतं तर अप्पा पडले नसते, हेच ना? म्हणून मी विकतच्या पंचांगाची गेल्या जानेवारीची आवृत्ती काढून बघितली. त्या बंदराला अर्धं पान दिलंय, नकाशा आहे, फोटोही आहे. आणि मजकूर तोच, ओहोटीतही चढता येतं. फोटोत शिडी धड आहे, कारण फोटो कुणी कधी काढलाय देव जाणे. मन मानेना म्हणून रजा टाकून मी स्वतः तिथे जाऊन आले. शिडीची तुटलेली टोकं गंजून गेलीत. पंचांगवाल्यांना लिहिलं, तर उत्तर आलं की पुढच्या आवृत्तीत विचार करू. पैसे घेऊन हे! फुकटच्यात कुणालाही दुरुस्ती करता येते, तिथे मी तेवढ्यात केली. पण तुझ्यासाठी मुद्दा एवढाच, की कुठलंही घेतलं असतंस तरी अप्पा त्याच शिडीवर चढले असते.

हे सगळं मी फोनवर सांगितलं असतं, तू उचलला असतास तर. पण काल होडीवाल्यांच्या ग्रुपवर आपल्या होडीचा फोटो आला, खाली लिहिलेलं, विकणे आहे, संपर्क शरत. माझ्याबरोबर तारखा ठरवत होतास आणि तिकडे हे चाललं होतं. अप्पा शेजारीच भाजी निवडत होते. त्यांनी फोन माझ्या हातातून घेतला, चष्मा चढवून बघितला आणि बराच वेळ परत दिला नाही. मग म्हणाले, "यशू, त्याला वाटतंय हात त्याच्याकडून सुटला. मी सोडला गं. तो ओणवा होता, माझ्या वजनानं होडी आणि धक्क्याच्या मधे तोंडावर आला असता." इतके महिने का नाही बोललात, असं मी विचारलं. मुलाला हे ऐकून आणखी वाईट वाटेल, असं त्यांना वाटलं होतं म्हणे. तुम्ही दोघं बापलेक सारखेच, आणि मधे मी सुम्ने, उगाचच, पंचांगं चाळत बसले. म्हणून हे पत्र. ती जाहिरात काढ. दसऱ्याची गर्दी ओसरली की मी अप्पांना घेऊन मंगळूरच्या बसमध्ये बसते आहे. स्टँडवर घ्यायला ये.

तुझ्यावर रागावलेली, तरी तुझीच,
यशस्विनी