खाऱ्या पाण्यावरचे काळे दाणे

प्रिय आई,

आज नवी बाजरी खाऱ्या पाण्यात घातली आणि काळे दाणे वर तरंगले. हे सांगायला तू हवी होतीस, म्हणून लिहायला बसलो.

फुलोऱ्यात पाऊस लागला की कणसावर ही काळ्या दाण्यांची बुरशी यायची. शेजारच्यांनी एकदा तसंच दळण खाल्लं आणि घरदार ओकून, चक्कर येऊन पडलं. तेव्हापासून तू मिठाच्या पाण्यात निवडल्याशिवाय देवालाही नैवेद्य दाखवला नाहीस. तरंगलेले दाणे कोंबड्यांना सापडू नयेत म्हणून खोल खड्ड्यात पुरायचीस आणि वर म्हणायचीस, "मर मेल्या, कुनाच्या कामाचा न्हाईस तू." आठवतं?

माझी लेक कावेरी अंबाजोगाईला बाळंत झाली. मुलगी झाली, पण कावेरीचं रक्त थांबेना गं. मी दाराबाहेर लिंबागणेशच्या गणपतीचं नाव घेत होतो. तुलाही हाका मारल्या. ऐकल्यास का?

डॉक्टरीणबाईंनी इंजेक्शन दिलं. बऱ्याच वेळानं सिस्टर बाहेर आली.

"थांबलं बरं का, मामा. आता तुमी थांबा. पोरगी इचारतीय, भाईर कोन रडायलंय म्हनून."

मी डोळे पुसून विचारलं, "कशाचं इंजेक्शन होतं?"

"बुरशीपासनं निघालेलं औषध हाय. बाजरीवर अरगट पडतो ना, काळा दाना? त्याच्याच जातीतली. परदेशात दुसऱ्या धान्यावर येती."

"माझी आई तर त्याला गाडून टाकायची."

"मग, ब्येस करायच्या! दाना खाल्ला तर इखच. औषध येगळं काढून, मापानं देत्यात."

मी हसलो की रडलो, मलाच कळलं नाही. देवानं विषाच्या घरातच औषध का ठेवलं असेल? तू काहीतरी साधं उत्तर दिलं असतंस. थोडी थांबली असतीस तर पणती मांडीवर घेतली असतीस. इतकी कसली घाई होती तुला?

कावेरी आता बरी आहे. माहेरीच आहे. तिच्या भाकरीसाठी आज मीच बाजरी निवडली, स्वच्छ पाण्यानं धुतली, उन्हात घातली. काळे दाणे घेऊन तुझ्या खड्ड्यापाशी गेलो आणि सवयीनं तुझे शब्द तोंडाशी आले. तिथंच अडखळलो.

आई, खारं पाणी मी कधी सोडणार नाही. दाणेही तुझ्यासारखेच खोल पुरीन. फक्त "कुनाच्या कामाचा न्हाईस" एवढं मात्र आता त्याला म्हणणार नाही.

तुझा,
दत्तू