सखारामला हसलो

चिंचवड, शुक्रवार, १९५४

आज वर्गात रोमन सैन्यातल्या साहाय्यक तुकड्या शिकवल्या. जिंकलेल्या मुलखातली माणसं. पंचवीस वर्षं रोमसाठी लढायची, तेव्हा नागरिक व्हायची. आमचा शिपाई सखाराम दारात उभा राहून ऐकत होता. इंग्रजांच्या पलटणीतून इटलीत लढून आलेला माणूस. म्हणाला, "गुरुजी, त्यांनाबी आमच्यावानी पुढं घालायचे का?"

मागून हेडमास्तर आले. "तू भाडोत्री! तुला कशाला इतिहास?"

पोरं हसली. मीही हसलो. का हसलो? हेडमास्तरांच्या भीतीनं? शी!

संध्याकाळी माफी मागायला थेरगावला त्याच्या घरी गेलो. तो म्हणाला, "हेडमास्तरांचं काय न्हाई. पर तुमी हसलात." मग चहा पुढे केला. मी पावसापाण्याचं बोललो, चहा प्यालो आणि माफी न मागताच परत आलो.