गोल कोपरे

मंगळवार, संध्याकाळ

गुडघ्यावरची निळी चिकटपट्टी सकाळी मीच कापून लावली. फिजिओ मॅडमनी बजावलं होतं, कोपरे गोल कापा, नाहीतर पट्टी उचलते. घाईत चौकोनीच राहिले. दुपारी झोपून उठलो तर चारही कोपरे गोल. कैची आमच्या हिच्या पेटीवर, शेजारी चार बारके निळे तुकडे.

सून म्हणाली, "मामाजी, तुम्हीच कापले असान. विसरून राहिले तुम्ही आजकाल."

असेलही. पण माझा हात थरथरतो, इतके सुबक गोल मला जमतील? गोधडीच्या ठिगळांचे कोपरे ही असेच गोल कापायची. हिला जाऊन दोन वर्षं झाली.

गुडघा आज दुखत नाही. परवा पट्टी बदलायची. नवीही चौकोनीच लावीन, कैची पेटीवर ठेवीन आणि झोपेचं सोंग घेऊन पडून राहीन.