वांग्याचा सूर्य आणि केळीतला नेपच्यून

असोदा,
दि. ५ डिसेंबर १९९५

ती. कलामावशीस तोतारामचा वाकून नमस्कार.

धुळ्याला थंडी वाढली असेल, तरी गुडघ्यांना तेल चोळत जा. काकांचा खोकला थांबला का? आम्ही इकडे सगळे ठीक आहोत (म्हणजे आई माझ्याशी बोलत नाही, तेवढं सोडून).

रविवारी तू पाठवलेले पाहुणे, चुडामण आबा आणि त्यांची मुलगी कुंदा, येऊन गेले. त्याची हकिगत आईच्या आधी माझ्याकडून तुला कळावी म्हणून हे पत्र. मागच्या तीन मुलींसमोर मी तोंड उघडलं नाही, तेव्हापासून मुका नवरदेव अशी माझी कीर्ती झाली आहे. या खेपेला काहीतरी बोल, असं तूच बजावलं होतंस. मी बोललो आणि तिथूनच सगळं बिघडलं.

शेतात भरताचा बेत होता. आईने निवडलेल्या वांग्यांतलं नारळाएवढं एक उचलून मी म्हणालो, हा सूर्य धरा. (मी विज्ञान शिकवतो, दुसरं काही मला बोलताच येत नाही.) त्या मापाने पृथ्वी म्हणजे मोहरीचा दाणा, तो पंधरा मीटरवर ठेवला. गुरू म्हणजे बोर, ते पार बांधापाशी गेलं. इथे थांबलो असतो तर निभावलं असतं, पण मंडळी ऐकतायत म्हटल्यावर मला चेव चढला. नेपच्यून येतो साडेचारशे मीटरवर, तिथे दाणा ठेवून कोणाला दिसणार? म्हणून मी आबांनाच नेपच्यून केलं. साठीचा भला माणूस, जावई होऊ घातलेल्याचा शब्द मोडवेना, धोतर सावरत कपाशीतून निघाला. मी इकडून आणखी पुढे, आणखी पुढे असा हात करत राहिलो. शेवटी आबा शेजारच्या झुलालभाऊंच्या केळीत दिसेनासे झाले.

मागे वळलो तर सूर्य नव्हता. आईने तो कपाशीच्या वाळक्या पऱ्हाट्यांच्या जाळावर टाकला होता. तरी मी हटलो नाही. म्हणालो, असे ग्रह आपल्याच सूर्याला आहेत, दुसऱ्या ताऱ्यांचे कोणी पाहिलेत? तेव्हा कुंदा पहिल्यांदा बोलली. ऑक्टोबरात पेपरमध्ये आलं होतं म्हणे, सूर्यासारख्याच एका ताऱ्याभोवती गुरूच्या जोडीचा ग्रह सापडलाय आणि सव्वाचार दिवसांत फेरी मारतो. मी मनात हिशेब केला. आमच्या मापाने ते बोर वांग्यापासून पाऊण मीटरवर आलं. मी हसलो. एवढ्या जवळ ग्रह भाजून निघेल, पेपरवाले काहीही छापतात, असं चारचौघांत म्हणालो. मग जेवणं सुरू झाली, आणि भरीत खरंच फार छान झालं होतं.

नेपच्यूनची आठवण कोणालाच राहिली नाही (मला तर नाहीच नाही). झुलालभाऊच त्यांना दंडाला धरून घेऊन आले. केळी चोरायला कोणी शिरलाय असं समजून त्यांनी दरडावलं, तर हा गृहस्थ जागचा हलेना, एकच सांगे, "मी नेपच्यून शे. माले हालता येत नही." आबा जेवायला बसले, पण जेवले बेताचंच. निघताना 'कळवतो' म्हणाले. तेव्हा नकार आला तर तू वाईट वाटून घेऊ नकोस. एकट्याने राहायची मला सवय आहे, चालेल मला.

तुझा भाचा,
तोताराम

ता. क. : तो ऑक्टोबरचा पेपर सापडला, माझ्याच टेबलावर. कुंदाचं अक्षर न् अक्षर बरोबर होतं. त्याच पानावरचं शब्दकोडं मी सोडवलेलं आहे. एस.टी.त चढताना ती मला म्हणाली होती, "सर, वर्गात मुलं काही नवीन सांगतात, तेव्हाही तुम्ही असेच हसता का?" हसतो, मावशी. काल आठवीच्या वर्गात फळ्यावर तो ग्रह काढला आणि माझं चुकलं होतं असं मुलांना सांगितलं. तेवढं तिच्या कानावर घाल. आबांच्या नको, तिच्याच.

आणखी एक ता. क. : वर 'चालेल' लिहिलंय, ते खोडणार होतो, पण तुला खाडाखोड आवडत नाही. मला नाही चालणार, मावशी. पत्र मिळेल त्याच दिवशी त्यांच्याकडे जा.