तू ठेवलेली नावं

प्रिय दादा,

तुझी वही माझ्याकडे आहे. आधी हेच सांगून टाकते, नाहीतर तुझा पहिला प्रश्न तोच असेल, "कुणाला विचारून घेतलीस?" वहिनीनं दिली. तू गेलास त्याला आठ महिने झाले. गेल्या महिन्यात तिनं कपाट आवरायला काढलं, तेव्हा तुझ्या युनिफॉर्मच्या घडीखाली ती सापडली. चिखलीहून पिंपळे गुरवला माझ्या घरी ती स्वतः घेऊन आली आणि म्हणाली, "ताई, वीस वर्षं हा माणूस माझ्या शेजारी बसून कानात वायरी घालून काय ऐकत होता, ते मला कळायला पाहिजे. इंग्रजीचं तुम्हाला कळतं. तुम्ही सांगा."

मी "सांगते" म्हणाले. किती सहज म्हणाले! आज लिहायला बसलेय ती या एका 'सांगते'पायी. काल मी वहिनीला एक गोष्ट सांगितली. ती खरं तर तुला सांगायची होती, आणि तीही सव्वीस-सत्तावीस वर्षांपूर्वी.

पण आधी वहीबद्दल. ही वही तू ठेवतोस हे मला माहीत होतं, पण इतकी नेटानं? चाकणच्या कंपनीत तू आयुष्यभर आलेला माल तपासलास. ओके, रिवर्क, रिजेक्ट. घरी गाणी तपासलीस तीही तशीच! दर वर्षाला एक पान, पानावर एकच अल्बम, त्या वर्षीचा तुझा सगळ्यात आवडता रॉकचा अल्बम. खाली शेरा. "पहिली बाजू ओके. दुसऱ्या बाजूचं तिसरं गाणं रिवर्क." "ड्रमवाला एकटा सगळ्यांचा ओव्हरटाइम करतोय." एका वर्षी नुसतं एवढंच, "यंदा मालच हलका. डेव्हिएशनवर पास."

डेव्हिएशन म्हणजे काय ते मी तुझ्या बरोबरच्या शिंदेभाऊंना फोन करून विचारलं. माल मापात बसत नाही, पण लाइन थांबवता येत नाही, म्हणून साहेबाची सही घेऊन सोडायचा. सांगून झाल्यावर ते म्हणाले, "का हो, कशाला पाहिजे?" मी पान वाचून दाखवलं. मग म्हणाले, "काय राव हा माणूस! गाणी पण सोडली नाहीत!"

मला आधी वाटलं, तुझी वर्षं चुकली आहेत. नेटवर ताडून पाहिलं तर अर्धे अल्बम तू लिहिलेल्या वर्षाच्या दोन-तीन वर्षं आधी निघालेले. मी पेन्सिलीनं बाजूला दुरुस्त्या करायलाही लागले होते. आणि मग एका पानावर कोपऱ्यात तुझ्या बारीक अक्षरात दिसलं, "इनवर्ड." म्हणजे माल बनला कधी याच्याशी तुला देणंघेणं नव्हतं, आपल्या दारात कधी आला तेवढंच! पिंपरीत पोचला ते त्याचं वर्ष. मी पेन्सिल खोडली. खोडल्याचे डाग राहिलेत, त्याबद्दल माफ कर.

बाबा तुला काय म्हणायचे आठवतं? "कंपनीत दिवसभर हाच खणखणाट ऐकतो, पण तिथं पगार तरी मिळतो." आणि तू आवाज कमी न करता हसायचास.

आता अवघड भाग. पहिल्या पाच पानांवर अल्बमची आणि बँडची खरी नावं आहेत, देवनागरीत, तुझ्या कानाला लागली तशी. सहाव्या पानापासून खरं नाव एकही नाही. तिथं 'प्रेसशॉप' आहे, 'एअर लीक' आहे, 'तीन भाऊ भांडले' आहे. 'मोशीचं ट्रॅफिक' आहे, आणि त्याखाली शेरा, "सुटत नाही सुटत नाही वाटतं, पण शेवटी सुटतं." वाचताना मला इतकं हसू आलं! आणि मग घाम फुटला, कारण हे अल्बम शोधायचे कसे? तुझा मोबाइल लॉक होता, दुकानदारानं उघडून दिला तेव्हा आतलं सगळं पुसलं गेलं होतं. कॅसेटी तर तुम्ही पिंपरीचं घर सोडलंत तेव्हाच भंगारात गेल्या. त्यातल्या दोन पिशव्या मीच खाली उतरवल्या होत्या.

सहाव्या पानापासूनच का? हा प्रश्न मला सोडेना. सहावं पान म्हणजे माझ्या एस.वाय.नंतरचं वर्ष. तुझी वही तशी माझी डायरी, तुला माहीतच आहे. मी माळ्यावरून एस.वाय.च्याच वर्षाची, म्हणजे तुझ्या पाचव्या पानाची, डायरी काढली आणि पान न् पान वाचलं. डिसेंबरात एक ओळ सापडली, "मानसी आली होती. दादाच्या कॅसेटवरून खूप हसलो."

तुला आठवतं? मी मात्र विसरले होते. ओळ वाचली आणि सगळं पुढ्यात आलं. मानसी माझ्या वर्गातली, पुण्याहून पहिल्यांदा आपल्या घरी आली होती. आईनं पोहे केले होते, चहा झाला होता. तू फर्स्ट शिफ्ट करून आलास, हातपाय धुतलेस आणि कौतुकानं टेप लावलास. "ऐक, हा माझा या वर्षीचा." आणि बँडचं नाव सांगितलंस, कॅसेटच्या कार्डावर होतं तसं, अक्षर न् अक्षर वाचून. पिंपरी कॅम्पातला तो कॅसेटवाला शेट कोऱ्या कॅसेटवर अल्बम भरून द्यायचा ना, त्याच्याकडून आणलेली. सहाव्या गाण्याला मानसीच्या कपाळाला आठी पडली. "पण हा तर दुसराच बँड आहे," ती म्हणाली. तिच्या भावाकडे दोन्ही अल्बम होते, ओरिजिनल. शेटनं एकाची पाच गाणी आणि दुसऱ्याची सहा घेऊन कॅसेट भरली होती.

आणि मी काय म्हणाले? "अरे दादा, असा अल्बमच नाहीये! कॅम्पातल्या शेटनं शिवून दिलाय तुला!" एवढ्यावरही थांबले नाही. बँडचं नाव तू म्हटलंस तसं म्हणून दाखवलं. दोनदा. मानसी पोट धरून हसली.

तू "बरं" म्हणालास. टेप बंद केलास. "दूध घेऊन येतो," म्हणालास आणि पिशवी घेऊन बाहेर पडलास.

डायरीत मी 'हसलो' लिहिलंय. आपण हसलो की आम्ही हसलो? मराठीत केवढी सोय आहे बघ, दोन्हीला क्रियापद एकच! मी तो शब्द गाळला नसता तर आज कळलं असतं की त्या हसण्यात मी तुला धरलं होतं की नाही. मी त्या ओळीकडे कितीदा पाहिलं असेल.

मग तुझं पाचवं पान पुन्हा उघडलं. तोच अल्बम. तोच, जो जगात कुठंच नाही! तू खोडला नाहीस. फक्त खाली वेगळ्या पेनानं, म्हणजे नंतर कधीतरी, लिहिलंस, "असेंब्ली इथलीच. ओके." दादा, हे लिहिताना तुला राग होता की मजा वाटत होती? अक्षरावरून मला नाही रे ओळखता येत.

हे सगळं मी वहिनीला सांगितलं नाही. सांगायला पाहिजे होतं, पण तिला शोधण्यात गंमत वाटू लागली होती, आणि खरं सांगायचं तर मलाही. दर रविवारी दुपारी मी चिखलीला जाते. मी लॅपटॉपवर गाणी लावते, ती समोर भाजी निवडते. 'प्रेसशॉप' म्हणजे पत्रा ठोकणारी मोठमोठी यंत्रं, म्हणून मी जड ड्रमवाले आठ-नऊ अल्बम नेले होते. एका गाण्याला तिचा हात थांबला.

"हे! हे ते डब्यावर वाजवायचे. पिठाच्या."

"नक्की?"

"ताई, डब्याला पोचा आलाय. आणून दाखवू?"

आणि तिनं खरंच डबा आणला! 'एअर लीक' तर आपोआप सापडला. गाणं सुरू झालं आणि वहिनी उठून स्वयंपाकघरात गेली. "गॅस चालू राहिला का हो?" अरे, सुरुवातीलाच तो सुस्स आवाज! आम्ही दोघी डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसलो. (आम्ही. या वेळी नीट लिहिते.)

मग ते पान आलं. तुमच्या लग्नानंतरच्या वर्षाचं. नाव 'चहा निवला'. मी मोठ्यानं वाचलं आणि पुढे जाणार, तर वहिनीनं माझं मनगट धरलं.

"काय वाचलंत?"

"चहा निवला."

तिनं वही स्वतःकडे ओढून ती अक्षरं पाहिली. मग म्हणाली, "एका सकाळी मी कप पुढं ठेवला. ह्यांच्या कानात वायरी, डोळे मिटलेले. मी तिथंच बसले होते, समोर. चहा निवला. मी कप उचलून मोरीत ओतला आणि दोन दिवस बोलले नाही. नवी होते ना. मला वाटलं, ह्यांना मी दिसतच नाही." मग विचारलं, "खाली ते बारीक काय लिहिलंय?"

खाली लिहिलं होतं, "चूक माझी. माल ओके."

"मला हाच पाहिजे ताई," वहिनी म्हणाली. "बाकीचे नाही सापडले तरी चालतील. माझ्या चहापेक्षा गोड असं काय चाललं होतं कानात, तेवढं ऐकू द्या."

तेव्हापासून तीन आठवडे मी एकच काम करते आहे. त्या सुमाराला निघालेले, त्याच्या आधीच्या दोन-तीन वर्षांत निघालेले, तुझ्या बाकीच्या आवडींशी जुळणारे अल्बम ऐकायचे. बसमध्ये, जेवणाच्या सुट्टीत. मला रॉक कळतं असं मी कॉलेजात समजायचे. तुझ्या शेऱ्यांमुळे आत्ता कुठं ऐकायला शिकतेय!

काल एक घेऊन गेले. संथ होता, लांब होता, डोळे मिटून ऐकावा असा. वहिनीनं भाजी बाजूला ठेवली. पूर्ण ऐकला, मध्ये एक शब्द न बोलता. संपल्यावर पदरानं तोंड पुसलं आणि विचारलं, "हाच ना ताई?"

दादा, मी 'हो' म्हणणार होते. जिभेवर आलं होतं. कुणाला कळणार होतं? तू येऊन सांगणार नव्हतास. तिला तिचा अल्बम मिळाला असता, ती सुखानं झोपली असती. आणि मी शेटसारखीच कोऱ्या कॅसेटवर काहीतरी भरून दिलं असतं. फरक एवढाच, शेटनं तुला फसवायचं म्हणून केलं नव्हतं.

"माहीत नाही, वहिनी," मी म्हणाले. "आणि माहीत नाही याचं कारण मी आहे." आणि मग मानसीचं, शेटचं, माझ्या नकलेचं, सगळं सांगितलं.

ती ऐकत होती. तिनं एवढंच विचारलं, "मग ते काय म्हणाले?"

"'बरं' म्हणाला. दूध आणायला गेला."

"दूध नव्हतं घरात?"

होतं रे. नुकताच चहा झाला होता, पातेलं अर्धं भरलेलं होतं. इतक्या वर्षांत हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं. वहिनीला एका क्षणात आलं.

"होतं," मी म्हणाले.

वहिनी उठली, खिडकीपाशी गेली, परत आली. मला वाटलं, आता वही परत मागणार. तर म्हणाली, "म्हणजे तुम्ही नावं ठेवलीत, म्हणून मग त्यांनी नावं ठेवली. बारसंच की!" आणि हसली, पण अर्धवट. मग खाली बसून म्हणाली, "चुकलात तुम्ही. मी नाही म्हणणार नाही. पण एक सांगू? इंग्रजीत लिहिलं असतं तर मला माझा चहा दिसला असता का त्यात?"

हे ऐकून मला हलकं वाटलं. आणि लगेच शंका आली, हलकं वाटून घेण्याचा मला हक्क आहे का? वहिनीला मिळालं ते तुझ्यामुळे, माझ्या हसण्यामुळे नव्हे. पुढे कितीतरी वर्षं तू मला नवीन काही ऐकवलं नाहीस, मी विचारलंही नाही. मला वाटलं, तुझं वेड सुटलं! संसारात पडला, शिफ्टमध्ये अडकला. तू तर दरवर्षी एक पान भरत होतास, आणि त्या पानाबद्दल बोलायला एकही माणूस नव्हता. वहिनीला इंग्रजी येत नाही म्हणून, आणि मला येतं म्हणून!

की मी उगाच सगळं माझ्यावर ओढून घेतेय? कदाचित तुला नावं ठेवायला आवडलंच असेल. कदाचित सहाव्या वर्षी 'प्रेसशॉप' हे नाव सुचलं आणि तू स्वतःशीच हसलास, आणि त्यात माझा काहीच संबंध नव्हता. तसं असेल तर किती बरं होईल! पण मला तसं वाटायला हवं आहे, म्हणूनच त्यावर माझा भरवसा नाही.

निघताना वहिनीनं मला दारात थांबवलं. "पुढच्या रविवारी दुसरा आणा," म्हणाली. "आजचा नव्हता. आजच्यात इतकं काही नव्हतं की चहा विसरावा."

बघ! तपासणी तीही शिकली.

तर दादा, तुला शब्द देते. मी शोधत राहीन, कितीही रविवार लागोत. सापडत नाही तोवर अंदाजानं एकही नाव लिहिणार नाही, ती जागा कोरी राहील. आणि सापडलाच, तर आधी वहिनीला ऐकवेन, तिचा ऐकून होईपर्यंत गप्प बसेन. ती म्हणाली "हाच", तर आमच्या घरात त्याला 'चहा निवला'च म्हणायचं. दुसरं कुठलं नाव माझ्या तोंडून निघणार नाही.

तुझी,
सुजाता