ओली लाकडं

आई, काल मी यांचा कॉम्प्युटर उघडला. घरात कोणी नव्हतं आणि तुझी फार आठवण आली. तू गेलीस तेव्हा आंधळगावात आपल्या आळीत अशी वस्तू कोणी पाहिली नव्हती. लोखंडी डबा असतो, आतलं सगळं बसवून तयारच मिळतो. यांनी तो समोरच्या खोलीत लग्नपत्रिका करायला आणला. हे गेल्यापासून पत्रिका मी करते. शाळा थोडीच झाली, बाकीचं मी वाण्याच्या पुड्यांचे कागद वाचत शिकले, हे तुला माहीतच आहे.

या उन्हाळ्यात डबा तापून मध्येच बंद पडू लागला. केलेलं काम जायचं, लोक खोळंबायचे. परवा दीर आले. डब्याला हात लावून त्यांनी चटकन मागे घेतला. "वहिनी, पोळ्या शेका यावर," म्हणाले, आणि मग हसणं थांबवून, "अजून एकदा बंद पडला, त खोली मोबाईलवाल्याले देतो. कायले जीव काढून राहिल्या?" खोली त्यांच्या नावावर आहे. काम गेलं की मी त्यांच्या चुलीपाशी, त्यांच्या हाताखाली. हे दोघांनाही कळत होतं.

काल एका घरची पत्रिका द्यायचीच होती. मी डब्यावरचं माझ्याच हातचं भरतकामाचं झाकण काढलं, डबा भिंतीपासून पुढे ओढला. पुढच्या जाळीत शेजारच्या राइस मिलचा कोंडा थापल्यासारखा बसलेला. तो ब्रशने काढला, डबा सुरू केला. तरी आतून भट्टीसारखी धग. आत दोन पंखे आहेत. मागचा कंपनीचा, पुढचा यांनी शेवटच्या उन्हाळ्यात स्वतः बसवलेला. मग मी तू करायचीस तेच केलं, उदबत्ती लावली. मागे धरली तर धूर बाहेर पडत होता, ते ठीक. पुढे जाळीपाशी धरली आणि धूर सरळ माझ्या तोंडावर आला. दोन्ही पंखे हवा बाहेरच फेकत होते. आत आणणारं कोणी नव्हतंच.

आपलं स्वयंपाकघर आठवतं? बाबांनी हौसेनं बांधलं आणि झरोका नेमका वाऱ्याच्या तोंडाला ठेवला. वाऱ्यानं धूर परत आत यायचा. पाहुणे डोळे पुसायचे आणि तू म्हणायचीस, "लाकडं ओली हायेत." बायका तुला चूल मांडायला बोलवायच्या, आणि तुझ्याच घरात धूर. एक दिवस बाबा धानाच्या बांधीवर गेले आणि तू भिंत फोडायला लोखंडी सबल घेतलीस. मी दारात उभी आहे. तू ओरडतेस, "तोंड काय पाहून रायली? उदबत्ती धर! धूर कुठं जाते ते सांग." तू समोरच्या भिंतीला भोक पाडतेस, जुनं चिखलानं बुजवतेस. संध्याकाळी बाबा जेवायला बसतात, नव्या भोकाकडे पाहतात. "आज लाकडं वाळली वाटते," म्हणतात. तू भाकर वाढतेस. "हो. वाळली."

मी बटण बंद केलं, वायर काढली. यांचा पंखा सोडवायचा म्हणजे यांच्या हातचे स्क्रू फिरवायचे. पंख्याची तार त्यांनी पत्रिकेच्या लाल दोऱ्यानं बांधून ठेवली होती. गाठ सुटेना. कापायला मन होईना. तार तुटली तर सगळंच गेलं, हे माहीत असूनही मी ती नखांनी सोडत बसले. स्क्रू एकदा निसटून आत पडला, तो डबा आडवा करून काढला. शेवटी पंखा फिरवून बसवला, तोच दोरा परत बांधला, बटण लावलं. उदबत्ती धरली. धूर जाळीतून आत ओढला गेला आणि मागून बाहेर आला. तरी पत्रिका पूर्ण होईस्तोवर मी मध्येमध्ये डब्यावर हात ठेवून पाहत होते. तो कोमटच राहिला.

आज दीर आले. बराच वेळ बसले, डबा बंद पडायची वाट पाहत असावेत. मग म्हणाले, "झालं काय होतं त्याले? माह्या दादानं तर पंखाही लावला होता."

"कोंडा बसला होता, भाऊजी," मी म्हटलं. "मिलचा."

पंखा उलटा होता हे मी कोणालाच सांगणार नाही. तुला सांगितलं, कारण हा कागद कुठे पोचायचा नाही.