शिरोड्याच्या दुकानाचं कुलूप

मंगळवार, संध्याकाळ

आमच्या मिसळ कंपनीच्या सगळ्या फ्रँचायझी दुकानांतला मसाला मी बसवला, पाट्या मी रंगवल्या, शिरोड्याच्या दुकानातली सहा बाकं एकही खिळा न मारता मीच केली. ते दुकान गणपतीपासून बंद आहे. आज हिशेब तपासायला आलेल्या ऑडिटरबाईंनी मला विचारलं, "हिशेबात ते चालू दिसतंय. खरं काय?"

कंपनीचा मालक अनंत मला म्हणाला, "चालू आसा, सांग मरे."

"कुलूप मीच लावलंय," मी म्हणालो.

त्याने बाईंचा हात पिरगळून फाईल ओढली. मी त्याचं तोंड टेबलावर आपटलं. पुढचा दात पडला. जास्त झालं का? नाही. दात आधीच हलत असेल.

रक्त पुसत तो माझ्या कानाशी पुटपुटला, "पाच लाख देतंय, चालू आसा म्हण."

बाईंना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने मी म्हणालो, "नाही. पाच लाखांनाही नाही."